एसयू पंपाची टकटक बंद झाली तर

जुन्या ब्रिटिश गाड्यांमधला, टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरला पोचवणारा एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पंप बरा आहे की नाही, हे कानाला कळतं. किल्ली फिरवली की भराभर टकटक, कार्बोरेटरमधलं फ्लोट चेंबर (पेट्रोल साठवणारी वाटी) भरलं की गप्प. टकटक आलीच नाही, तर लगेच नवा पंप मागवू नका. रिस्टोर केलेल्या गाडीत पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे पंपाची बॉडी गाडीच्या धातूमार्फत बॅटरीला जोडलेली असते त्या जोडावर घ्यावा. नव्या रंगाचा जाड थर बोल्टखाली राहतो आणि धातूला धातू टेकतच नाही.

पेट्रोलचा पाइप सोडण्याआधी विजेची तपासणी उरका. इग्निशन बंद ठेवून २१ वॅटच्या बल्बची एक वायर पंपाच्या फीडला (वीज आणणाऱ्या वायरला) आणि दुसरी पंपाच्या बॉडीला लावा, मग किल्ली फिरवा. बल्ब लखलखीत पेटला तर फीड आणि अर्थ दोन्ही ठीक. मंद असेल किंवा पेटलाच नाही, तर दुसरी वायर लांब करून थेट बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला न्या. आता उजेड पडला तर दोष अर्थिंगचा. रंग खरवडा, बोल्ट पुन्हा आवळा. तरीही अंधारच असेल तर इग्निशन स्विचपासून येणाऱ्या वायरचे जोड तपासा. ल्युकास कंपनीच्या वायरिंगमध्ये ती बहुधा पांढरी असते. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. करंट वाहत नसताना गंजका जोडही १२ व्होल्ट दाखवतो.

वीज पोचतेय पण पंप गप्प? स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बॉडीवर हलकेच ठोका. टकटक सुरू झाली तर पंपातल्या पॉइंट्सवर (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर) ऑक्साइडचा थर आहे. गाडी बराच काळ उभी राहिली की हे होतंच. बॅटरी सोडा, पंपाची टोपी काढा आणि पॉइंट्समधून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी ओढा. खोल खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, पॉइंट्स बदला.

ठोकूनही फरक नसेल तर पाइपकडे वळा. इंजिन थंड असताना बाहेर जाणारा पाइप सोडून डब्यात धरा. आता टकटक आली तर पंप निर्दोष. कार्बोरेटरची नीडल व्हॉल्व्ह (फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल सोडणारी झडप) अडकली आहे किंवा पुढचा पाइप तुंबला आहे. टाकीचं झाकण उघडल्यावर पंप चालू लागला तर टाकीचा हवेचा मार्ग बंद आहे.

टाकीकडची बाजू तुंबणं जास्त घातक. तेव्हा डायफ्रॅम (पेट्रोल ओढणारा पडदा) अर्ध्यावर थांबतो, पॉइंट्स मिटलेलेच राहतात आणि पंपाची कॉइल तापत जाते. म्हणून गप्प पंपावर किल्ली चालू ठेवू नका. टाकीला आतून सीलर (लेप) लावलं असेल तर त्याचे सुटलेले पापुद्रे टाकीच्या जाळीवर आणि पंपाच्या गाळणीत शोधा.