‘पिव्हट’ वापरताना या चुका टाळा

मागच्या महिन्यात एका मुलीचा नोकरीचा अर्ज तपासत होते. त्यात वाक्य होतं: ‘आय पिव्हटेड फ्रॉम नाशिक टू पुणे.’ तिला म्हणायचं होतं, नाशिक सोडून पुण्याला राहायला आले. त्यासाठी ‘मूव्ह्ड’ हा साधा शब्द आहे. ‘पिव्हट’ने गाव बदलत नाही, रोख बदलतो.

फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ खीळ, जिच्याभोवती काहीतरी फिरतं. जातं आठवा. मधली खीळ जागची हलत नाही, वरचा दगड तिच्याभोवती फिरतो. बास्केटबॉलमध्येही तेच. चेंडू हातात धरून थांबलेला खेळाडू एक पाय जमिनीवर रोवतो आणि दुसऱ्या पायाने हवा तिकडे वळतो. ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत पुढे जाणं, सुरू करण्याआधी रोवलेला पाय उचलला, तर ‘ट्रॅव्हलिंग’ची चूक दिली जाते. क्रियापद वापरताना हा रोवलेला पाय विसरू नका.

उद्योगजगतात हा शब्द ‘द लीन स्टार्टअप’ या पुस्तकाचे लेखक एरिक रीस यांनी रूढ केला, तो याच अर्थाने. ऑफिसात एकमेकांना संदेश पाठवायच्या ‘स्लॅक’ या ॲपचं उदाहरण बघा. ‘ग्लिच’ नावाचा ऑनलाइन खेळ चालला नाही, २०१२मध्ये बंद झाला. पण तो बनवताना आपापसात बोलण्यासाठी त्या कंपनीने एक साधन तयार केलं होतं. तेच पुढे ‘स्लॅक’ झालं. हाताशी असलेल्या गोष्टीवर पाय रोवून घेतलेलं हे वळण. कपड्यांचं दुकान बंद करून कोणी शेती सुरू केली, तर त्यालाही हल्ली सर्रास ‘पिव्हट’ म्हणतात. मी तिथे ‘स्टार्टेड ओव्हर’च लिहीन.

दुसरी चूक: ‘माय माइंड पिव्हटेड ड्यू टू द फोन.’ फोनमुळे लक्ष विचलित होतं, म्हणजे ‘डिस्ट्रॅक्टेड’. पिव्हट ठरवून केलं जातं. मराठीत लक्ष उडतं, पण मोर्चा आपण वळवतो. पिव्हट म्हणजे हे मोर्चा वळवणं.

सगळ्यात घातक गोंधळ शब्दयोगी अव्ययांचा, कारण तिथे अर्थच पालटतो. ‘पिव्हट टू’ म्हणजे कशाकडे तरी वळणं, ‘पिव्हट अवे फ्रॉम’ म्हणजे कशापासून तरी वळणं. पण ‘द केस पिव्हट्स ऑन हर टेस्टिमनी’ म्हणजे सगळा खटला तिच्या साक्षीवर अवलंबून आहे. ‘साक्षीवरून लक्ष हटलं’ असं भाषांतर मी वाचलं आहे. ते नेमकं उलटं झालं.

आणि हो, वळताना कोणाकडे तरी पाठ होतेच. २०११मध्ये ओबामा सरकारने आशियाकडे वळण्याच्या धोरणाला ‘पिव्हट’ म्हटलं, तेव्हा युरोप आणि पश्चिम आशियातल्या मित्रदेशांना अमेरिका आपल्याकडे पाठ फिरवते की काय असं वाटू लागलं. पुढे अधिकारी ‘रीबॅलन्स’ म्हणू लागले. ग्राहकाला मेल लिहिताना हा रंग ध्यानात ठेवा.

उच्चार ‘पिव्हट’, ‘पायव्हट’ नाही. जोर पहिल्या अक्षरावर असल्यामुळे ‘पिव्हटेड’मध्ये टी एकदाच येतो. ‘पिव्हटल’ म्हणजे बदलणारा नव्हे, निर्णायक.

त्या मुलीच्या अर्जात ‘पिव्हट’ची खरी जागा दोन ओळी खाली होती. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये चुका शोधायची सवय झाली, त्याच बळावर ती डेटा अनॅलिसिसकडे वळली होती. तिथे तिने नुसतं ‘चेंज्ड’ लिहिलं होतं.