आल्प द्युएझच्या घाटाआधी

ब्रिटनहून स्वतःच्या गाडीने स्कीइंगला जायचं, तर फोकस्टनला गाडी समुद्राखालून जाणाऱ्या शटल रेल्वेच्या डब्यात चढवायची, पस्तीस मिनिटांत कॅलेला उतरायचं आणि तिथून सव्वानऊशे किलोमीटरच्या आसपास फ्रान्स उभा कापत आल्प द्युएझ हे आल्प्समधलं स्कीगाव गाठायचं. यातले पहिले नऊशे किलोमीटर बऱ्या स्थितीतली कुठलीही गाडी निमूटपणे काढते. खरी तयारी लागते ती शेवटच्या चौदा किलोमीटरांची. ७२० मीटरवरच्या बूर द्वाझाँ गावातून रस्ता २१ वळणं घेत १८६० मीटरपर्यंत चढतो. वळणांना आकडे आहेत, पण उलटे: पायथ्याला २१, माथ्याजवळ १. सायकल शर्यतीचे शौकीन हा घाट १९५२ पासून ओळखतात. गाडीवाल्याने त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवावी. सगळ्यात खडा चढ सुरुवातीलाच, दहा टक्क्यांच्या घरात आहे. ‘थोडं वर जाऊन बघू, लागल्या तर साखळ्या लावू’ हा बेत इथे फसतो, कारण चाकं फिरायला लागतात तेव्हा मागे बसगाड्यांची रांग लागलेली असते आणि बाजूला घ्यायला जागा नसते. म्हणून यादी घाटापासून उलटी करायची.

आधी टायर. फ्रान्सच्या डोंगराळ भागात १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात गाडीला चारही चाकांना हिवाळी टायर हवेत, नाहीतर निदान दोन चालत्या (इंजिन फिरवतं त्या) चाकांसाठी साखळ्या किंवा टायरवर चढवायचे कापडी मोजे गाडीत हवेत. टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह असलं तरच तो हिवाळी धरतात. नुसती ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) ही खूण नोव्हेंबर २०२४ पासून चालत नाही. बाराही महिने वापरायच्या बऱ्याच ऑल-सीझन टायरांवर हे चिन्ह असतं, तेव्हा नवे घेण्याआधी आहेत ते वाकून बघा. ब्रिटनमध्ये १.६ मिलिमीटर खाच कायद्याला पुरते, बर्फाला नाही. ४ मिलिमीटरच्या खाली हिवाळी टायरचाही जोर ओसरतो. आणि हिवाळी टायर असले तरी साखळ्या न्याच. रस्त्यावर निळी गोल पाटी आणि तिच्यात साखळी चढवलेलं चाक दिसलं, की तिथून पुढे साखळ्या लावणं सक्तीचं होतं. खालच्या छोट्या पाटीवर हिवाळी टायर चालतील असं लिहिलेलं असेल, तेवढीच सूट.

साखळ्या घेताना टायरच्या कडेवरचा पूर्ण आकडा लिहून न्या, उदाहरणार्थ २२५/४५ आर १७. ‘सतरा इंची’ एवढ्यावर घेतलेली साखळी बहुतेक वेळा बसत नाही. मग गाडीचं मॅन्युअल उघडा. कमी उंचीच्या, रुंद टायरांच्या कित्येक गाड्यांत टायर आणि आतल्या सस्पेन्शनच्या मध्ये बोटभरही जागा नसते. तिथे जाड कड्यांची साखळी ब्रेकचा पाइप घासते. अशा गाडीला बारीक कड्यांची साखळी किंवा मोजे घ्यावेत. साखळी चालत्या चाकांना लागते: पुढची चाकं ओढत असतील तर पुढे, मागची ढकलत असतील तर मागे, चारही चालत असतील तर मॅन्युअल म्हणेल तिथे.

निघण्याच्या आठवडाभर आधी घराच्या ड्राइव्हवेवर दिवसाउजेडी एकदा साखळी लावून बघा. एकदा नाही, दोनदा. कडीवाली साखळी असेल तर पीळ सोडवून ती जमिनीवर पसरा, आतली लवचिक कडी चाकाच्या मागून सरकवून दोन्ही टोकं वर घ्या, जोडा आणि चाकाच्या मागच्या अंगाला खाली सोडा. मग बाहेरच्या बाजूचे हूक अडकवायचे आणि शेवटी ताणाची साखळी ओढून टोक अडकवायचं. पुढची चाकं असतील तर स्टिअरिंग पूर्ण वळवून घ्या म्हणजे आत हात जातो. प्रत्यक्षात लावल्यावर पन्नास-शंभर मीटर हळू चालवून पुन्हा थांबायचं आणि ताण आवळायचा. हे विसरलं की ढिली साखळी चाकाच्या खोबणीवर आपटत राहते. वेग ताशी ५० किलोमीटरच्या आत. काळा डांबरी रस्ता लागला की काढायच्या, नाहीतर साखळी तुटते आणि टायरही सोलतो.

साखळ्यांसोबत एका पिशवीत जाड रबरी हातमोजे, डोक्याला लावायची विजेरी, गुडघ्याखाली घ्यायला जुनं पायपुसणं आणि एक छोटं फावडं ठेवा. लोकरीचे हातमोजे घालून ओली साखळी ओढली की दोन मिनिटांत बोटं बधिर होतात. ही पिशवी डिकीत सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर ठेवायची. खाली गेली तर बर्फ पडत असताना चार बॅगा आणि कुकर रस्त्यावर मांडून ठेवावा लागतो. साखळ्या चढवायच्या त्या बूर द्वाझाँच्या सपाटीवर, २१ नंबरच्या वळणाआधी.

आता थंडी. काच धुण्याचं पाणी उणे वीसपर्यंत न गोठणारं हवं. आधीचं उन्हाळी पाणी संपवून मग भरा आणि एकदा फवारून बघा, कारण जुनं पाणी नळीत राहून तिथेच गोठतं. महामार्गावर मिठाचा चिखल काचेवर उडत असताना फवारा बंद पडणं म्हणजे आंधळेपणाने गाडी चालवणं. रेडिएटरमध्ये कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उणे पस्तीसच्या आसपास निभावतं. गॅरेजमध्ये दोन मिनिटांत मोजून मिळतं. बॅटरी पाच वर्षांची झाली असेल तर चाचणी करून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने कमी होते. भरलेल्या गाडीसाठी मॅन्युअलमध्ये वेगळा, जास्तीचा आकडा असतो, तो धरा.

डिझेल गाडी असेल तर टाकी घरून पूर्ण भरलेली वर नेऊ नका. घाटाच्या पायथ्याच्या भागात, बूर द्वाझाँला किंवा व्हिझीलला, तिथलं हिवाळी डिझेल भरा. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. पंपावर ‘गाझोल’ म्हणजे डिझेल. नावाला फसून ते पेट्रोल समजणारे दरवर्षी निघतात. डिझेलच्या लेबलला चौकोन, पेट्रोलच्या लेबलला वर्तुळ. महामार्गावरचे पंप महाग, सुपरमार्केटचे स्वस्त. विजेवरची गाडी थंडीत आणि चढावर चार्ज भराभर खाते, म्हणून पायथ्याला भरपूर शिल्लक ठेवा. परतताना मात्र वर पूर्ण चार्ज करू नका, उतारावर ब्रेकमधून परत मिळणारी वीज साठायला जागा हवी.

सामान भरताना छताची मर्यादा बघा. बऱ्याच गाड्यांना ७५ किलोच्या आसपास असते, आणि त्यात बार आणि पेटीचं वजनही धरायचं असतं. वर स्की, जॅकेट असलं हलकं-लांब. जड बॅगा डिकीत, मागच्या सीटला टेकवून. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पेटीचे स्क्रू आवळून बघा. पेटीसकट गाडीची उंची मोजून कागदावर लिहा आणि डॅशबोर्डला चिकटवा. शटलचं बुकिंग करताना १.८५ मीटरपेक्षा उंच गाडी वेगळ्या डब्यात जाते, ते आधी सांगावं लागतं. एलपीजीवर चालणारी गाडी शटल घेत नाही, तिला डोव्हरची बोट. टोलनाक्यावर पेटीमुळे सेन्सर कधी गाडीला वरच्या वर्गात टाकतो. पडद्यावर २ दिसलं तर पैसे भरण्याआधी मदतीचं बटण दाबून ‘क्लास अं’ (पहिला वर्ग) म्हणा. वर तळघरातल्या पार्किंगची कमान बुटकी असते, तिथेही हाच आकडा लागतो.

कागदपत्रं यात सगळ्यात आधी सुरू करायची. घरात कोणाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि फेब्रुवारीच्या शाळासुट्टीसाठी अपॉइंटमेंट नाताळच्या बऱ्याच आधी धरावी. ब्रिटिश पासपोर्ट प्रवेशाच्या दिवशी दहा वर्षांपेक्षा जुना नको आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा. नवरा ब्रिटिश, बायको भारतीय, मुलं ब्रिटिश अशा घरात प्रत्येकाचं वेगळं तपासा. युरोपबाहेरच्या प्रवाशांची सीमेवरची नवी नोंदणी (ईईएस) १२ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झाली. तीत बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात, तेही फोकस्टन किंवा डोव्हरलाच, कारण फ्रेंच तपासणी समुद्राच्या अलीकडेच होते. तेव्हा वेळ राखून पोचा.

गाडीसाठी व्ही५सी (नोंदणीचा कागद), लायसन्स आणि विम्याचा कागद. लीजची गाडी असेल तर व्ही५सीऐवजी कंपनीकडून व्हीई१०३ मागवा. विमा कंपनीला फोन करून विचारायचा नेमका प्रश्न असा: फ्रान्समध्ये पूर्ण संरक्षण मिळतं की नुसतं थर्ड पार्टी? मागे ‘यूके’ स्टिकर लावा, ‘जीबी’ आता चालत नाही. गाडीत त्रिकोण आणि चमकती जॅकेटं हवीत. जॅकेटं हाताशी, डिकीत नाही, कारण ती अंगात घालूनच बाहेर उतरायचं असतं. आपल्या दिव्यांचा झोत डावीकडे झुकतो आणि तिथे तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. काचेवर पट्ट्या चिकटवा, किंवा नव्या गाडीत सेटिंग बदला. प्रवास विम्यात स्कीइंग आहे हे वाचून घ्या. जीएचआयसी हे ब्रिटनचं सरकारी आरोग्य कार्ड दवाखान्यात उपयोगी पडतं, पण पिस्टवरून (स्कीच्या उतारावरून) स्लेजने खाली आणण्याचं बिल ते भरत नाही. लिओं किंवा ग्रेनोबल शहरात शिरायचं असेल तर क्रितएर या प्रदूषण-वर्गाच्या स्टिकरचे नियम निघण्यापूर्वी बघा. स्टिकर सरकारी साइटवरूनच मागवा, मधले दलाल कित्येक पट घेतात.

खाण्याच्या डब्याकडेही लक्ष हवं. ब्रिटनमधून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पनीर, तूप, श्रीखंड, पेढे घरीच. ताजी भाजी, कांदे-बटाटे, कढीपत्ता यांना रोपतपासणीचा दाखला लागतो. पण केळी, नारळ, खजूर आणि अननस यांना नाही, त्यामुळे ओलं खोबरं जमतं आणि फोडणी तेवढी अपुरी राहते. डाळ, तांदूळ, पोहे, मसाले बिनघोर न्या. वर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर शिजवूनही दाणा दाणाच राहते. कुकर न्याच, आणि इंडक्शनवर चालणारा न्या, ॲल्युमिनियमचा तिथे तापत नाही.

शनिवार हा सगळ्या फ्लॅटच्या किल्ल्या बदलण्याचा, म्हणजे जुने पाहुणे जाऊन नवे येण्याचा दिवस असतो. फेब्रुवारीतल्या शनिवारी ग्रेनोबलपासून पुढे गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. ‘बिझाँ फ्युते’ हे सरकारी रहदारी-पंचांग हिरवा, केशरी, लाल, काळा असे दिवस आधीच जाहीर करतं. काळ्या दिवशी निघू नये. शुक्रवारी निघून त्रुआ किंवा दिजाँला मुक्काम करा आणि शनिवारी पहाटे निघा. वाट कॅले, रँस, त्रुआ, दिजाँ, बूर-आँ-ब्रेस, लिओं, ग्रेनोबल, अशी. शेवटचा टोल व्होरेपला, आणि ग्रेनोबल ओलांडताना ‘स्टासिओं द ल्वाझाँ’ ही पाटी धरायची.

टोलचं यंत्र डावीकडे, म्हणजे उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत शेजारच्याच्या बाजूला येतं. एकटे असाल तर टोल आपोआप भरणारा टॅग आधीच मागवा. वेगमर्यादा कोरड्यात १३०, पावसात ११०. मैलात ८१ आणि ६८. लायसन्सला तीन वर्षं झाली नसतील तर कोरड्यातही ११०. महामार्गावर १०७.७ एफएमवर रहदारीच्या बातम्या लागतात. गाडी बंद पडली तर आपल्या ब्रेकडाउन कंपनीला थेट बोलवता येत नाही. आधी रस्त्याकडेच्या नारिंगी फोनवरून किंवा ११२ ला कळवायचं, तिथली अधिकृत गाडी महामार्गाबाहेर ओढून नेते, आणि तिची पावती जपून ठेवायची, कंपनी नंतर पैसे देते.

वर पोचल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवा आणि सपाट जागी हँडब्रेक सोडा, नाहीतर पॅड डिस्कला गोठून चिकटतात. वायपर काचेपासून उभे करा. स्कीबूट रात्री गाडीत राहू देऊ नका. गारठलेलं प्लास्टिक इतकं कडक होतं की सकाळी पाय आत जाता जात नाही. परतीला उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरा. घरी आल्यावर साखळ्या कोमट पाण्यात धुऊन, वर्तमानपत्रावर पसरून पूर्ण वाळू द्या. मिठासकट पिशवीत कोंबलेल्या साखळीचे हूक पुढच्या जानेवारीत गंजून घट्ट झालेले निघतात.