मुंबईहून न्यूजर्सीला निघताना आधी तारीख नीट वाचा

दरवर्षी जुलै-ऑगस्टात ठाणे-डोंबिवलीकडच्या मुलामुलींचे मला इथे न्यूजर्सीत फोन येतात. बॅगा किती, कुकर आणू का, थंडीचे कपडे तिथूनच घेऊ का. तिकिटावरच्या तारखेबद्दल कोणीच विचारत नाही, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

मुंबईहून अमेरिकेकडे येणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि ०१:३० अशी वेळ असेल, तर घर सोडायचं १४ तारखेच्या संध्याकाळी. १५ला नाही! २००४ साली मी हीच चूक केली. १५ तारखेला संध्याकाळी दादरच्या घरी मावश्या माझी ओटी भरत होत्या, तेव्हा विमान सुटून सतरा तास झाले होते. तिकिटाचा पुढचा टप्पाही रद्द झाला, कारण पहिल्या टप्प्याला प्रवासी आला नाही की पुढचे सहसा आपोआप रद्द होतात. बाबांनी मुदत ठेव मोडून नवं तिकीट काढलं. ते मला आजही लागतं. तेव्हा कालनिर्णयवर १४च्या चौकोनात लिहा, ‘आज रात्री विमान’, आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवा.

मुंबई ते न्यूजर्सीतलं नेवार्क हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला पंधरा-सोळा तास लागतात. तिकिटावर मात्र रात्री दोनला निघून त्याच सकाळी आठला पोचल्यासारखं दिसतं, कारण उन्हाळ्यात मुंबईचं घड्याळ इथल्यापेक्षा साडेनऊ तास पुढे असतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात आणि फरक साडेदहाचा होतो. मुंबईला परतताना वेळ कमी लागतो, कारण वरच्या थरातले पश्चिमेचे वारे पाठीशी असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, त्या वळशाने त्यांचा वेळ वाढला. जुन्या लोकांनी सांगितलेल्या वेळा धरून चालू नका.

इथली आपली मंडळी अडीअडचणीला धावून येतात, पहिल्या आठवड्यात डबासुद्धा पोचवतात. पण स्वस्त तिकिटाचा त्यांचा सल्ला ऐकू नका. दोन वेगळी तिकिटं जोडून पैसे वाचतात खरे. पहिलं विमान रखडलं आणि दुसरं चुकलं, तर मात्र भरपाई कोणी देत नाही. सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या आणि मध्ये निदान तीन तास ठेवा.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेत घालू नका. त्यातल्या तेलामुळे ती पेट घेणारी वस्तू धरतात आणि मुंबईच्या सहार विमानतळावरच काढून ठेवतात. आंबे इथे उतरल्यावर काढून घेतात. गोडा मसाला खुशाल आणा, फक्त विचारलं की खाण्याचं सामान आहे असं सांगा. लपवलं तर दंड होतो.

सकाळी आठला उतरलात की लगेच आईला फोन करा. मुंबईत तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात.