आठ तास की बारा तास: वॉर्डाची ड्युटी ठरवताना

रुग्णालयाच्या वॉर्डात परिचारिकांची बारा तासांची ड्युटी सुरू करायची की आठ तासांचीच ठेवायची, हा प्रश्न निघाला की बैठकीत हात वर करायला सांगून निकाल लावण्याची घाई होते. ती टाळावी, कारण बारा तासांना मिळणारा होकार बहुधा बारा तासांसाठी नसून त्यासोबत येणाऱ्या जादा ऑफसाठी असतो. मेट्रनने (मुख्य परिचारिकेने) किंवा वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरने आधी हिशेब मांडावा आणि मगच पसंती विचारावी.

आठवड्याचे ४८ तास धरले, तर आठ तासांच्या पद्धतीत सहा दिवस ड्युटी आणि एक ऑफ मिळतो, तर बारा तासांच्या पद्धतीत चार दिवस ड्युटी आणि तीन ऑफ. बदलापूरहून परळला येणाऱ्या सिस्टरचे जाण्यायेण्यात रोज तीन तास मोडत असतील, तर बारा तासांत तिचे आठवड्याला सहा तास वाचतात आणि दोन दिवस लोकलमधले धक्केही वाचतात. पण ड्युटीच्या दिवसाचा हिशेबही तिच्यासमोर ठेवावा. बारा तास काम, ओव्हर देण्यात, म्हणजे पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सोपवण्यात, अर्धा तास आणि प्रवासाचे तीन, म्हणजे साडेपंधरा तास ती घराबाहेर असणार. उरलेल्या साडेआठ तासांत अंघोळ, स्वयंपाक, मुलाचा डबा आणि झोप बसवायची, आणि तेही कदाचित लागोपाठ तीन दिवस. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या आणि ऑफ साठवून केरळला किंवा विदर्भात घरी जाऊ पाहणाऱ्या मुलीचा हिशेब याहून अगदी वेगळा निघतो, त्यामुळे दोघींची मते नुसती मोजून हाती काही लागत नाही.

आपल्याकडे अनेक रुग्णालयांत मॉर्निंग आणि इव्हिनिंग सहा-सहा तासांची आणि नाइट बारा तासांची असते. तिथे वाद फक्त दिवसाच्या दोन ड्युट्या जोडण्याचा आहे, तेव्हा प्रश्न त्याच शब्दांत विचारावा.

पसंती चिठ्ठीवर, नाव न लिहिता घ्यावी, कारण ज्येष्ठ सिस्टर समोर बसलेल्या असताना नवीन मुली मोकळेपणाने बोलत नाहीत. ‘कोणती ड्युटी आवडते’ या प्रश्नापेक्षा ‘लागोपाठ किती लांब ड्युट्या झेपतील’, ‘घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे का’ आणि ‘ऑफ रद्द झाला तर काय अडते’ हे प्रश्न अधिक उपयोगी पडतात.

आवडणारी ड्युटी सुरक्षित असतेच असे मात्र नाही. अमेरिकेतील चार राज्यांमधल्या २२ हजारांहून अधिक परिचारिकांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८० टक्क्यांहून जास्त जणी आपल्या रुग्णालयाच्या वेळापत्रकावर समाधानी होत्या, आणि तरीही ड्युटी जितकी लांब, तितका थकवा आणि नोकरी सोडण्याचा विचार वाढलेला आढळला. मला याचे नवल वाटले नाही. अकराव्या तासाला मी स्वतः एका रुग्णाच्या लघवीचे माप शेजारच्या खाटेच्या चार्टवर लिहिले होते आणि ओव्हर घेणाऱ्या सिस्टरने पिशवी पाहून ते पकडले. म्हणून बारा तासांची ड्युटी लावलीच, तर इन्सुलिन, रक्त आणि जोखमीची इंजेक्शने शेवटच्या दोन तासांत दुसऱ्या सिस्टरने तपासल्याशिवाय देऊ नयेत, आणि जेवणाच्या सुट्टीसाठी कोण कोणाला सोडणार हे नावानिशी ड्युटी चार्टवर लिहावे. ओव्हर दिवसातून तीनऐवजी दोनदाच द्यावी लागते, हा बारा तासांचा फायदा खरा आहे.

सर्वांत जास्त विचार रिलीव्हरचा, म्हणजे पुढची ड्युटी घ्यायला येणाऱ्या सिस्टरचा करावा. रिलीव्हर आली नाही, तर सहा किंवा आठ तासांच्या पद्धतीत आधीची सिस्टर कुरकुरत का होईना पुढची ड्युटी ओढून नेते. बारा तास भरलेल्या सिस्टरला मात्र आणखी बारा तास थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. एका जागेवर चोवीस तास माणूस ठेवायचा, तर आठवड्याचे १६८ तास भरायचे असतात. ४८ ने भागले की साडेतीन सिस्टर लागतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांप्रमाणे रजेसाठी ३० टक्के जादा धरल्या, की आकडा साडेचारच्या पुढे जातो. ड्युटी आठ तासांची असो वा बारा, हा आकडा बदलत नाही, त्यामुळे बारा तासांत कमी माणसे लागतील असे व्यवस्थापनाने सुचवले, तर हे गणित कागदावर करून दाखवावे. तेवढ्या सिस्टर नसतील, तर पद्धत बदलूच नये.

माणसे पुरेशी असतील, तर एकाच वॉर्डात आठ आठवडे प्रयोग करावा. आयसीयूने सुरुवात करू नये. तिथे एका सिस्टरकडे एकच अत्यवस्थ रुग्ण असला तरी क्षणभर नजर हटवता येत नाही. लागोपाठ तीनपेक्षा जास्त लांब ड्युट्या लावू नयेत आणि नाइटनंतरच्या ऑफला हात लावू नये. ओव्हर संपायला किती वेळ लागला, आजारपणाच्या रजा किती पडल्या, औषधांच्या नोंदी उशिरा किती झाल्या आणि किती ऑफ रद्द करावे लागले, हे दर आठवड्याला एका वहीत लिहावे. ज्यांना आठ तासच हवे आहेत, त्यांना त्याच पगारावर दुसऱ्या वॉर्डात बदली मागता यावी. प्रयोग संपण्याची तारीख पहिल्याच ड्युटी चार्टवर छापावी आणि त्या दिवशी वही सर्वांसमोर उघडून चिठ्ठ्या पुन्हा घ्याव्यात.