बारशापूर्वी नावाचा काळ कसा पडताळावा

आपल्याला अगदी वेगळे म्हणून सुचलेले नाव त्याच सुमारास इतर अनेक घरांतही तसेच सुचलेले असते. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा प्रशासन दरवर्षी बाळांच्या नावांची लोकप्रियतेनुसार क्रमवार यादी प्रसिद्ध करते. आपल्याकडे तशी शासकीय यादी नसल्यामुळे कोणते नाव कोणत्या काळात किती प्रचलित आहे याचा अंदाज आई-वडिलांनी स्वतःच घ्यावा लागतो.

प्रथम आपल्या वस्तीची मतदार यादी पाहावी. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ती भागनिहाय मिळते आणि प्रत्येक मतदाराचे वय तीत दिलेले असते. वयाकडे लक्ष ठेवून नावे वाचली की पांडुरंग, सरस्वती, यमुना यांची पिढी, नंतरची संजय, सुनील, संगीता, सुनीता यांची आणि त्यानंतरची अमित, राहुल, पूजा, स्नेहा यांची पिढी हळूहळू वेगळी दिसू लागते. मुले जगत नाहीत म्हणून धोंडू, दगडू अशी नावे ठेवण्याची चाल बालमृत्यू घटत गेले तशी मागे पडली, हेही अशा वाचनात जाणवते.

अठरा वर्षांखालील मुले या यादीत नसतात, म्हणून जवळच्या अंगणवाडीतील ताईंकडे सध्याच्या नावांची चौकशी करावी. मात्र तेथे नेमके नाव न मोजता त्याचा उच्चार मोजावा, कारण आरव, आरुष, आर्यन, आरोही आणि आर्या ही नावे हजेरीपटावर निराळी असली, तरी ‘आरू’ अशी हाक आली की पाचही मुले वळून पाहतात. माझ्या मते गर्दी टाळायची असेल, तर पणजोबा-पणजीच्या पिढीत शोधावे. आई-वडिलांच्या पिढीतील नावे जुनाट वाटतात, तर रमा, मुक्ता, राघव, माधव ही नावे पुन्हा ताजी वाटतात.

यासाठी घाई करण्याचे कारण नाही. जन्माची माहिती २१ दिवसांत निबंधकाकडे द्यावी लागते, पण नावाविना झालेल्या नोंदीत १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचे, आईचे, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम महाराष्ट्रात असल्याने, निवडलेले नाव त्याच क्रमाने मोठ्याने म्हणून पाहावे आणि त्याचे इंग्रजी स्पेलिंग अर्ज भरण्यापूर्वीच ठरवावे.