ऑफ म्हणजे नुसतं बंद नव्हे, हॉटेलात लागण्याआधी वाचा

दर ऑक्टोबरात सीझन सुरू झाला की आमच्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडची पोरं कळंगुट, कांदोळीला कामाला येतात, इंग्रजी बऱ्यापैकी येत असतं पण 'ऑफ'वर हमखास घसरतात. कारण आपण ऑफ म्हणजे बंद एवढंच धरून बसलोय, फॅन ऑफ, मोबाईल ऑफ, आणि माणूस गेला तरी आपण ऑफ झाला म्हणतो. मागच्या सीझनला एका गोऱ्या बाईने मॅनेजरची चौकशी केली, रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली ही इज ऑफ टुडे, तर आमचा वाळपईचा नवा पोरगा ट्रे हातात तसाच धरून मला विचारतोय, दादा, पात्रांव कधी गेले हो? काल रात्री तर ओरडले माझ्यावर! पात्रांवांची, म्हणजे मॅनेजरसाहेबांची, सुट्टी होती, दुसरं काही नाही.

तर आधी 'बंद' डोक्यातून काढा आणि 'सुटलं, लांब झालं' हे बसवा. कामातून सुटला तो ऑफ, किमतीतून 20 टक्के सुटले ते ट्वेंटी पर्सेंट ऑफ, विमानाने जमीन सोडली, मोपाला असो की दाबोळीला, तो टेक ऑफ. बसमधून उतरणं गेट ऑफ, कारमधून मात्र गेट आउट. ऑफ द गोवा कोस्ट म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यापासून आत समुद्रात. (मांडवीतले कॅसिनोही ऑफशोरच म्हणवतात, पणजीच्या रस्त्यावरून दिवे मोजता येतात ते सोडा.) आणि एका एफचा जो ऑफ आहे ना, तो आणि हा मुळात एकच शब्द, जोर देऊन म्हणायचा तो वेगळा पडत गेला आणि 17व्या शतकापर्यंत दोघांची वाटणी पक्की झाली.

टेबलावर जास्त सांभाळायचं. गिऱ्हाईक ताट पुढे सरकवून धिस फिश इज ऑफ म्हणालं तर मासा खराब लागलाय अशी तक्रार आहे, लगेच ताट उचला. आमच्याच एकाला वाटलं संपला का विचारतायत, म्हणून तो हसून म्हणाला, नो सर, अव्हेलेबल, वन मोअर? पण गोंधळ त्याचा एकट्याचा नाही, ब्रिटिश लोक मेन्यूतला पदार्थ संपला तरी इज ऑफच म्हणतात. म्हणून बोट ताटाकडे आहे की मेन्यूकडे ते बघा. तुम्ही स्वतः मात्र किंगफिश इज ऑफ चुकूनही म्हणू नका, 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात तेव्हा इसवण, म्हणजे किंगफिश, नसते, सरळ नॉट अव्हेलेबल म्हणा.

गो ऑफला नियम लावत बसू नका, पाठच करा. लाइट्स वेंट ऑफ म्हणजे लाइट गेली, अलार्म वेंट ऑफ म्हणजे वाजला, हो, वाजला! दूध वेंट ऑफ म्हणजे नासलं.

पुट ऑफ आणि कॉल ऑफमध्ये पैशाचा फरक आहे. बोट ट्रिप पुट ऑफ केली तर दुसरी तारीख द्यायची, कॉल ऑफ केली तर गेस्ट रिफंड मागायला उभा राहणारच.

मूड ऑफ हे आपलं घरचं इंग्रजी, गेस्टसमोर नको. आणि खरंच कोणी वारलं असेल तर पास्ड अवे म्हणा, ऑफ म्हटलंत तर समोरचा विचारेल, मग उद्या किती वाजता येतील?