१९६७ ची ‘द फोर्साइट सागा’ कशी पाहावी

इंग्रज कादंबरीकार जॉन गॉल्सवर्दी यांच्या फोर्साइट कुटुंबावरील सहा कादंबऱ्यांवर बीबीसीने केलेली ‘द फोर्साइट सागा’ ही २६ भागांची कृष्णधवल मालिका जानेवारी १९६७ मध्ये सुरू झाली. ती आठवड्याला एका भागाच्या गतीने दाखवली गेली होती. आजही एका बैठकीत एक, फार तर दोन भाग पाहावेत.

आरंभ मात्र पुस्तकापासून करावा. ‘द मॅन ऑफ प्रॉपर्टी’ (१९०६) या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात, जून १८८६ मध्ये, ज्यून या नातीच्या साखरपुड्यानिमित्त सारे फोर्साइट तिचे आजोबा थोरले जोलियन यांच्या घरी जमतात. ते वाचताना वंशवृक्ष कागदावर उतरवून घ्यावा, म्हणजे पुढे काका-आत्यांच्या गर्दीत गोंधळ होत नाही. मालिका १८७९ पासून सुरू होते, कारण पुस्तकात पूर्ववृत्त म्हणून येणारी ज्यूनच्या वडिलांची, म्हणजे धाकट्या जोलियनची, कहाणी तिच्यात प्रत्यक्ष घडताना दिसते.

सर्वाधिक लक्ष आयरीनकडे, म्हणजे थोरल्या जोलियनचा पुतण्या सोम्स याच्या पत्नीकडे, द्यावे. ती केवळ इतरांच्या जाणिवेतून दिसते, असे गॉल्सवर्दींनी स्वतः प्रस्तावनेत म्हटले आहे; वाचकाला तिच्या मनात कधीच प्रवेश मिळत नाही. पडद्यावर मात्र आयरीन साकारणाऱ्या नायरी डॉन पोर्टर यांचा चेहरा समोर असतो आणि तिचे मौनही बोलू लागते. सोम्स पत्नीवर बळजबरी करतो तो प्रसंग कादंबरीत घडून गेल्यावर, दुसऱ्या सकाळच्या त्याच्या अस्वस्थतेतून कळतो. मालिकेत तो दाखवला आहे. म्हणून आधी ते प्रकरण वाचावे, मग तो भाग पाहावा आणि शक्य असल्यास पुन्हा एकदा, केवळ आयरीनवर नजर ठेवून पाहावा. एरिक पोर्टर यांनी सोम्सचे एकाकीपण इतक्या ताकदीने उभे केले आहे की प्रेक्षकाची सहानुभूती नकळत त्याच्याकडे वळते. माझ्या मते ती सहानुभूती नाकारू नये, परंतु तिच्यामुळे त्याने केलेला अन्याय लहानही ठरू देऊ नये.

बहुतेक प्रसंग स्टुडिओत चित्रित झाल्यामुळे नेपथ्य क्वचित कृत्रिम वाटते. त्याची सवय लवकर होते.

उत्तरार्धात, सुसान हॅम्पशायर यांनी साकारलेल्या फ्लरच्या, म्हणजे सोम्सच्या मुलीच्या, कथेत, क्रम उलटा ठेवावा: भाग आधी पाहावा आणि कादंबरी नंतर वाचावी. ‘स्वान साँग’ (१९२८) या सहाव्या कादंबरीची अखेरची प्रकरणे तर शेवटचा भाग पाहून होईपर्यंत मुळीच उघडू नयेत.